रंग पाहूनच ओळखू आला, तर तो ड्रॅगन कसला?

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळणाऱ्या ग्रुपमध्ये एक अडचण हमखास येते. खेळ चालवणारा डंजन मास्टर मोठ्या थाटात सांगतो, "डोंगरामागून लाल ड्रॅगन वर आला." लगेच समोरचे खेळाडू आगीपासून वाचवणारा मंत्र काढतात. ड्रॅगनने तोंड उघडण्याआधीच त्याची कुंडली सगळ्यांना पाठ!

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा अमेरिकन खेळ 1974 साली आला. तेव्हापासून ड्रॅगनचे रंग आणि स्वभाव जवळपास ठरून गेले आहेत. लाल आग ओकतो, निळा वीज, काळा आम्ल, हिरवा विषारी वायू आणि पांढरा गारठा. जुन्या खेळाडूंना यात नवल काही उरलेलं नाही.

आकडे फुगवून भागत नाही

यावर बरेच जण सोपा उपाय करतात, ड्रॅगनची ताकद वाढवतात. 2014 च्या नियमांप्रमाणे हिशोब करून बघा. प्रौढ लाल ड्रॅगनच्या एका फुत्काराला सहा बाजूंचे 18 फासे, म्हणजे सरासरी 63 ची इजा. पाचव्या पातळीवरच्या बऱ्या अंगकाठीच्या (कॉन्स्टिट्यूशन 14) जादूगाराकडे असतात 32 हिट पॉइंट. त्याने बचावाचा फासा जिंकला तरी निम्मी, म्हणजे 31 ची इजा होणार. हातात उरला एक. हरला तर थेट आडवा. कित्येक महिने खेळून वाढवलेलं पात्र एका फाशात गेलं, तर खेळाडू पुढच्या रविवारी येईलच असं नाही. ड्रॅगन अवघड झाला, पण वेगळा नाही झाला.

तीन प्रश्न

एकमेव ड्रॅगन घडवायचा तर तीन प्रश्नांची उत्तरं आधी हवीत. तो काय साठवतो? त्याची कोणती एक गोष्ट पुस्तकापेक्षा वेगळी आहे? आणि तो कशापुढे नमतो?

गुप्तधनावर बसलेला नाग आपल्याकडे आजीच्या गोष्टीत असतोच. ड्रॅगनही तसाच खजिन्याचा राखणदार. पण खजिना सोन्याचाच कशाला? समजा, मिठाच्या वाळवंटात राहणारा एक ड्रॅगन पाणी साठवतो. गुहेत शेकडो रांजण आणि बाहेर पंचक्रोशीतल्या विहिरी कोरड्या. आता गावकऱ्यांना त्याला मारायचंही आहे आणि रांजण फुटूही द्यायचे नाहीत. लढाईच्या आधीच पेच तयार झाला.

पुस्तकातूनच सुरुवात

यासाठी सगळे आकडे नव्याने मांडायची गरज नाही. तरुण पांढरा ड्रॅगन घ्यायचा: 133 हिट पॉइंट, चिलखत 17. त्याच्या गारठ्याच्या फुत्काराला आठ बाजूंचे 10 फासे, सरासरी 45 ची इजा. गारठ्याऐवजी हा फुत्कार अंगातलं पाणी शोषतो असं ठरवायचं, म्हणजे नियमांच्या भाषेत ‘नेक्रॉटिक’ इजा. त्याला स्वतःला गारठा बाधत नाही, ते कलमही त्याप्रमाणे बदलायचं.

बचावात हरणाऱ्याला वर थकव्याची एक पायरीही लावायची असेल, तर फासे 10 वरून 8 करावेत. सरासरी 36 वर येते. एका बाजूला जमा केलं की दुसऱ्या बाजूला वजा, एवढं पाळलं तरी तोल फारसा बिघडत नाही. फुत्कार पुन्हा कधी मिळणार हा नियम तसाच ठेवावा: दर पाळीला एक फासा, पाच किंवा सहा आले तरच. म्हणजे तीनात एकदा.

तिसरं उत्तर पावसाचं. अंगावर भरपूर गोडं पाणी पडलं की त्या पाळीत त्याला फुत्कार टाकता येत नाही.

खुणा आधी दाखवा

खरी मेख इथेच आहे. बदललेला नियम खेळाडूंना थेट लढाईत कळला, तर त्यांना ती फसवणूक वाटते, आणि त्यात त्यांची चूक नाही. म्हणून गुहेपर्यंत जाताना किमान तीन खुणा पेरून ठेवाव्यात. सुकून चिंबलेली पण कुठेही न भाजलेली जनावरं. पाण्याची पखाल सोन्याच्या भावाने विकणारा व्यापारी. पावसाळ्यात ड्रॅगन कधीच बाहेर पडत नाही, असं सांगणारी म्हातारी. एखादी खुण निसटली, तरी दुसरी हाती लागते. खुणा जुळवून कोणी पखाली भरून नेल्या, तर त्याचा फायदा त्याला मिळालाच पाहिजे. तिथे ऐनवेळी नियम बदलू नये.

खेळाचे मूळ नियम आणि हे नेहमीचे रंगीत ड्रॅगन ज्यात आहेत, तो दस्तऐवज जानेवारी 2023 पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत मिळतो. श्रेय दिलं, की त्यावरून स्वतःचा ड्रॅगन मराठीत लिहून छापायला किंवा विकायलाही हरकत नाही. सुरुवात करणाऱ्याने एकच ड्रॅगन घ्यावा, एकच नियम बदलावा, आणि मोहिमेत आणण्याआधी एखाद्या मित्रासोबत तीन फेऱ्या खेळून बघाव्यात. आकडे कुठे चुकले ते तेवढ्यात कळतं.