जागृती आणि निद्रा यांच्या सीमेवर

परीक्षा जवळ आली की रात्री घरोघरी एक दृश्य दिसते. पुस्तक उघडे असते, डोळे ओळीवर असतात, मान मात्र हळूहळू खाली झुकत असते. “झोपलास काय रे?” असे आईने विचारताच “छे! वाचतो आहे,” असे उत्तर मिळते. हे उत्तर खोटे नसते; पण ते खरेही नसते.

दिवा मालवावा तशी झोप एकदम येत नाही. मानवी मेंदूतील विद्युत्-लहरींची पहिली नोंद जर्मन वैद्य हान्स बर्गर यांनी १९२४ साली केली. जागेपणी डोळे मिटून स्वस्थ पडले असता या लहरी सेकंदास ८ ते १३ वेळा उमटतात. पेंग येताच त्या विरतात आणि ४ ते ७ आवर्तनांच्या मंद लहरी सुरू होतात. बुबुळे संथपणे फिरतात, स्नायू सैलावतात. कधी पायरी चुकल्यासारखे वाटून अंगास हिसका बसतो, तर कधी कोणी हाक मारल्याचा भास होतो. यात भिण्यासारखे काही नाही. ही अवस्था काही मिनिटांची असते आणि तीतून उठविले असता पुष्कळजण “मी जागाच होतो” असे मनापासून सांगतात.

मात्र झोप लागण्यापूर्वीच्या काही मिनिटांत ऐकलेले शब्द पुढे बहुधा आठवत नाहीत, असे प्रयोगांत आढळले आहे. “सर, रात्री दोनपर्यंत वाचले, पण सकाळी सारे कोरे. माझे डोकेच मंद,” असे सांगणारा विद्यार्थी आम्हांला दरवर्षी भेटतो. त्याला आम्ही तोंडावर पाणी मारून पुन्हा वाचावयास सांगत असू. ती आमची चूक होती. दोष डोक्याचा नसून वेळेचा होता.

ही सीमा निरुपयोगी मात्र नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या पॅरिस येथील एका प्रयोगात काही जणांना उदाहरणे सोडविण्यास देऊन मध्यंतरी २० मिनिटे विसावा दिला. उदाहरणांत एक सोपी युक्ती दडलेली होती. जागे राहिलेल्यांपैकी शेकडा ३० जणांना ती सापडली, गाढ झोपेकडे गेलेल्यांपैकी १४ जणांना; परंतु या सीमेवर निदान १५ सेकंद रेंगाळलेल्यांपैकी ८३ जणांना! तथापि त्या सर्वांनी आधी उदाहरणांशी झटापट केली होती, हे विसरू नये.

म्हणून विद्यार्थी मित्रहो, अभ्यास टवटवीत मनाने करावा आणि पेंग येताच पुस्तक मिटून निश्चिंत मनाने झोपी जावे.