पटकथा : अ‍ॅस्ट्रिड लिंडग्रेन

१९४९ साली पिप्पी लाँगस्टॉकिंग पहिल्यांदा पडद्यावर आली, तेव्हा ती पंचविशी ओलांडलेली बाई होती. पुस्तकातली पिप्पी नऊ वर्षांची. आई देवाघरी गेलेली, बाप समुद्रात हरवलेला. मोडकळीला आलेल्या घरात एक माकड, एक घोडा आणि सोन्याच्या नाण्यांनी भरलेली पेटी एवढ्या संसारात ती एकटी राहते, मनात येईल तेव्हा घोडा उचलून अंगणात नेऊन ठेवते आणि पोलिसांशी शिवाशिवी खेळते. नऊ वर्षांच्या मुलीने हे केलं तर हसू येतं. विवेका सेर्लाखियस या नटीने तेच केलं, तर मोठी बाई पोरकटपणा करत्येय असं वाटतं. पेर गुनवाल या दिग्दर्शकाचा तो स्वीडिश चित्रपट पिप्पीच्या लेखिका लिंडग्रेनबाईंना आवडला नाही, आणि पुढे तीसेक वर्षं त्या जे वागल्या त्याचं मूळ बरंचसं या नावडीत आहे.

हा घोळ आपल्याकडेही परका नाही. फुरसुंगीचा बनेश फेणे पुस्तकात शाळकरी पोरगा. २०१७ च्या 'फास्टर फेणे'त अमेय वाघ वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला पुण्यात आलेला तरुण झाला. तिथे मात्र दिग्दर्शक आदित्य सरपोतदारने वय जाणूनबुजून वाढवलं, सोंग आणलं नाही, म्हणून ते चाललं. बनेशचे लेखक भा. रा. भागवत ते पाहायला नव्हते, २००१ मध्येच गेले. पडद्यावर मात्र ते होते, दिलीप प्रभावळकरांच्या रूपात. असं भाग्य फार थोड्या बालसाहित्यिकांच्या वाट्याला येतं.

लिंडग्रेन हयात होत्या, आणि भोळ्या लेखिका तर मुळीच नव्हत्या. स्मोलांड प्रांतातल्या व्हिमर्बी गावाजवळ शेतकऱ्याच्या घरी १९०७ साली जन्म. पुढे स्टॉकहोमला जाऊन लघुलेखन शिकल्या. सकाळी अंथरुणातच बसून शॉर्टहँडमध्ये पुस्तक लिहायचं आणि दुपारी राबेन अँड शोग्रेन या प्रकाशनसंस्थेत बालपुस्तकांच्या संपादक म्हणून कामाला जायचं, असा त्यांचा दिवस. ही नोकरी त्यांनी १९४६ ते १९७० अशी केली. हक्क कशाला म्हणतात, करारातली कुठली ओळ महागात पडते, हे त्यांना दुसऱ्याने सांगावं लागत नव्हतं. १९४९ नंतर त्यांनी काढलेला मार्ग साधा होता : पुस्तक विकायचं, पण पटकथा आपणच लिहायची. आणि माणसं सारखी बदलायची नाहीत.

ही माणसं म्हणजे निर्माते उल्ले नूर्देमार आणि दिग्दर्शक उल्ले हेलबूम. नूर्देमार मूळचे कॅमेरामन. थॉर हेयरडालच्या 'कॉन-टिकी' सफरीवरच्या त्यांच्या माहितीपटाला ऑस्कर मिळालेलं. हेलबूम १९५७ पासून लिंडग्रेनच्या कथांवर काम करू लागले, ते १९८२ साली मरेपर्यंत. लेखिका आणि दिग्दर्शक यांचं इतकं लांब चाललेलं बिऱ्हाड बालचित्रपटांत मला दुसरं ठाऊक नाही.

१९६४ हे वर्ष इथे मुद्दाम थांबून पाहण्यासारखं आहे. त्या ऑगस्टमध्ये हॉलिवूडला 'मेरी पॉपिन्स'चा पहिला खेळ झाला. लेखिका पी. एल. ट्रॅव्हर्सना त्याचं आमंत्रणच नव्हतं. त्यांनी ते मागून घेतलं आणि चित्रपट पाहताना त्या रडल्या. ते आनंदाश्रू नव्हते. वॉल्ट डिस्नी वीसएक वर्षं त्यांच्या मागे लागला होता. अखेर त्या राजी झाल्या, १९६१ मध्ये लॉस एंजेलिसला जाऊन पटकथेच्या ओळी-ओळीवर भांडल्या, बैठका टेपवर घ्यायला लावल्या. तरीही नाचणारे कार्टून पेंग्विन राहिलेच. चित्रपटाला पाच ऑस्करं मिळाली, बाईंना पैसा मिळाला, आणि मनातली अढी शेवटपर्यंत गेली नाही. संमती देण्याचा अधिकार हाती असणं वेगळं आणि लेखणी हाती असणं वेगळं, एवढाच अर्थ मी यातून काढतो.

त्याच वर्षी स्वीडनच्या दूरचित्रवाणीवर 'आम्ही सॉल्टक्रोकनवाले' या नावाची तेरा भागांची मालिका आली. स्टॉकहोमबाहेरच्या द्वीपसमूहातलं नॉररॉरा बेट, उन्हाळ्याची सुट्टी, एक विसराळू लेखक बाप आणि त्याची मुलं, आणि शोर्वेन नावाची गुबगुबीत, खणखणीत आवाजाची पोरगी, जिच्यामागे बोट्समान हा अवाढव्य सेंट बर्नार्ड कुत्रा सावलीसारखा फिरतो. ही गोष्ट आधी पुस्तकात नव्हतीच. लिंडग्रेननी ती पडद्यासाठी लिहिली आणि मग तिची कादंबरी केली. म्हणजे पुस्तक हे मालिकेचं रूपांतर! आपल्या कथेचं पडद्यावर काय होईल या धास्तीत जगणाऱ्या लेखकांनी हा उलटा प्रवास जरूर पाहावा.

आणि मग १९६९ साली पिप्पी परत आली, तीही तेरा भागांत, पश्चिम जर्मनीच्या भागीदारीत. या वेळी हजारो मुलींमधून निवडलेली इंगर निल्सन खरोखरच लहान होती. तिचा जन्म १९५९ चा. चित्रीकरण गॉटलंड बेटावरच्या विस्बी या तटबंदीच्या जुन्या गावात झालं. पिप्पीचं पिवळं, वेडंवाकडं घर नंतर जवळच्या एका करमणूक बागेत हलवलं. पोरं आजही ते बघायला जातात. पांढऱ्या घोड्यावरचे काळे ठिपके अर्थातच रंगवलेले. शीर्षकगीताचे शब्द लिंडग्रेनचे, चाल यान योहान्सन या जॅझ पियानोवादकाची. तो नोव्हेंबर १९६८ मध्ये मोटार अपघातात गेला. फेब्रुवारीत मालिका सुरू झाली तेव्हा ते गाणं पोराटोरांच्या तोंडी बसलेलं ऐकायला तो नव्हता.

या यशाची किंमतही आहे. इंग्रिड वांग नीमन या चित्रकर्तीने १९४५ च्या पुस्तकात काढलेली पिप्पी सपाट रंगांची, जाड रेषांची आणि जराशी विचित्र होती. नंतरच्या कित्येक वाचकांच्या मनातून तिला इंगर निल्सनने हुसकून लावलं. पटकथा स्वतः लिहून लेखिकेने गोष्ट वाचवली, पण वाचकाच्या मनातला चेहरा वाचवणं तिच्याही हातात नव्हतं. माझं मत विचाराल तर हा सौदा फायद्याचाच झाला. पण तो सौदा होता.

पुढची यादी लांब आहे. पिप्पीचे आणखी दोन चित्रपट आले. १९७१ ते ७३ एमिलचे तीन. सूप पिताना भांड्यात डोकं अडकवून घेणारा एमिल लेखिकेच्या स्वतःच्या मुलखातला, म्हणून चित्रीकरणही व्हिमर्बीजवळच्याच एका शेतघरी झालं. तिसऱ्या एमिलपटातलं त्याच्या बहिणीचं, इडाचं, उन्हाळ्याचं गाणं लिंडग्रेननी लिहिलं आणि गेओर्ग रीडेलने त्याला चाल लावली. आज स्वीडिश शाळांत सुट्टी लागायच्या दिवशी मुलं ते गातात आणि ते चित्रपटातलं गाणं आहे हे कित्येकांच्या गावीही नसतं. हेलबूमनंतर तागे दानिएल्सनने 'रोन्या, दरोडेखोराची लेक' केला. त्याला १९८५ च्या बर्लिन महोत्सवात रौप्य अस्वल मिळालं. पटकथा पुन्हा बाईंचीच, वय पंचाहत्तरीच्या पुढे.

पण बाई सगळ्यांना हो म्हणत नव्हत्या. १९७१ साली जपानहून तिशीतला एक अॅनिमेटर आपल्या निर्मात्याबरोबर स्वीडनला आला. पिप्पीची कार्टून मालिका करायची या एका ध्यासापोटी त्याने आपल्या दोन सहकाऱ्यांसह चांगली नोकरी सोडली होती. विस्बीच्या गल्ल्या पाहून त्याने चित्रांचा ढीग रचला. परवानगी मिळाली नाही. त्याचं नाव हायाओ मियाझाकी. सहकाऱ्यांपैकी एक इसाओ ताकाहाता. फुकट गेलेल्या तयारीतून १९७२ साली 'पांडा! गो पांडा!' निघाला, ज्यात लाल वेण्यांची एक मुलगी घरी एकटी राहते. विस्बीची तटबंदी आणि छपरं १९८९ च्या 'किकीज डिलिव्हरी सर्व्हिस'मधल्या समुद्राकाठच्या शहरात उतरली. त्या नकाराबद्दल लिंडग्रेनना दोष द्यावा असं मला वाटत नाही. तेव्हा मियाझाकी हे नाव जपानबाहेर कोण ओळखत होतं? १९४९ मध्ये पोळलेल्या बाईने अनोळखी माणसाला दार उघडलं नाही, इतकंच.

२००२ मध्ये लिंडग्रेन गेल्या. बारा वर्षांनी, २०१४ साली, जपानच्या एनएचके वाहिनीवर 'रोन्या'ची सव्वीस भागांची मालिका सुरू झाली. दिग्दर्शक होता गोरो मियाझाकी, हायाओंचा मुलगा. या वेळी हक्क मिळाले होते. मालिकेला पुढे बालकार्यक्रमांचा आंतरराष्ट्रीय एमी पुरस्कारही मिळाला. संगणकावर रंगवलेल्या तिच्या जंगलात पक्षी, झरे, धुकं सगळं आहे, गोष्ट पुस्तकाला घट्ट धरून चालते आणि मुलं ती आवडीने पाहतात. मला मात्र दानिएल्सनचं १९८४ चं जंगल जास्त भीतिदायक वाटतं, आणि रोन्याच्या गोष्टीला भीती लागतेच.