मनगटावरचे पायलट आणि घरचा हिशोब

रिद्धपूर, मोर्शी, चांदूर बाजार या भागातील आपली मुले शिकली, नोकरीला लागली. हाती पगार आला की चांगले घड्याळ घ्यावेसे वाटते. त्यातही पसंती पायलट पद्धतीच्या स्टीलच्या घड्याळाला. काळी तबकडी, ठळक पांढरे आकडे, अंधारात चमकणारे काटे. वैमानिकाला एका नजरेत वेळ दिसावी म्हणून ही रचना झाली.

ही हौस नवी नाही. सरकारी एचएमटीने 1961 साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगलोरला घड्याळे बनवायला सुरुवात केली. तिचे चावीचे ‘पायलट’ साध्या माणसालाही परवडे. 2016 साली केंद्र सरकारने एचएमटीचा घड्याळ विभाग बंद करण्याचा निर्णय घेतला. नामवंत स्विस कंपन्यांच्या पायलट घड्याळांची किंमत मात्र लाखांत आहे.

घ्यायचेच असेल तर पारखून घ्या. स्टील 316 एल प्रतीचे असावे. ते घामाने सहसा गंजत नाही. काच सफायरची असली तर सहजी ओरखडे पडत नाहीत. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात चामडी पट्टा घामाने कुजतो, स्टीलचा टिकतो. ऑटोमॅटिक घड्याळाला सेल लागत नाही, पण काही वर्षांनी सर्व्हिसिंगचा खर्च येतो. अचूक वेळेसाठी सेलचे स्वस्त घड्याळही सरस ठरते. अधिकृत दुकानाचे पक्के बिल आणि शिक्का मारलेले गॅरंटी कार्ड घ्यावे. नावाजलेल्या घड्याळांच्या नकला पुष्कळ आहेत.

तथागतांनी सिगालोवाद सुत्तात गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले : एक उपभोगासाठी, दोन उद्योगासाठी, चौथा अडचणीच्या काळासाठी. घड्याळ पहिल्या भागात बसत असेल तर खुशाल घ्या, ताठ मानेने मिरवा. बहिणीची फी थकवून किंवा हप्त्यांवर कर्ज काढून घेऊ नका. आणि मुलीच्या बापाकडून तर मुळीच मागू नका. लग्नात मागितलेले घड्याळ हा हुंडाच आहे.

घड्याळाशी आपले नाते हौसेपुरते नाही. बाबासाहेब मजूरमंत्री असताना त्यांनी मांडलेल्या विधेयकातून 1946 चा कारखाने दुरुस्ती कायदा झाला. बारमाही कारखान्यांतील कामगाराचे आठवड्याचे तास 54 वरून 48 वर आले. तो वाचलेला वेळ आपला आहे. घड्याळ कितीचेही असो, त्यातला एक तास रोज पुस्तकाला आणि लेकरांच्या अभ्यासाला द्यावा, एवढेच आमचे सांगणे.