तर्क प्रेक्षकांचे, कथा लेखकाची : ‘बॅबिलॉन ५’चे उदाहरण

मासिकातील कादंबरीच्या प्रकरणाखाली ‘क्रमशः’ हा शब्द छापलेला असला, की पुढील अंक हाती येईपर्यंत ती कथा वाचकाच्या मनात चालूच राहते. खुनी कोण, हरवलेला भाऊ परतणार की नाही, नायिकेच्या मौनामागे काय दडले आहे, याविषयी घराघरांत अंदाज बांधले जातात आणि प्रसंगी पैजाही लागतात. दूरचित्रवाणीवरील विज्ञानकथा-मालिकांनी ही उत्सुकता अधिक तीव्र केली. पुढे संगणकांच्या जाळ्यामुळे एकमेकांना कधीही न भेटलेले हजारो प्रेक्षक एकत्र बसून तर्क करू लागले.

या प्रकारातून दोन प्रश्न निर्माण झाले. प्रेक्षकाचा तर्क अचूक ठरला, तर लेखकाने काय करावे? आणि प्रेक्षकांच्या तर्काने कोठे थांबावे? या दोन्ही प्रश्नांच्या दृष्टीने १९९४ ते १९९८ या काळात प्रसारित झालेल्या ‘बॅबिलॉन ५’ या अमेरिकन मालिकेचा इतिहास उद्बोधक आहे.

आधीच ठरलेला शेवट

‘बॅबिलॉन ५’ची कथा तेविसाव्या शतकात घडते. पृथ्वीवासी मानव आणि मिनबारी नावाची परग्रहावरील जमात यांच्यात झालेल्या भीषण युद्धानंतर विविध जमातींच्या प्रतिनिधींना भेटता यावे, वाटाघाटी करता याव्यात, यासाठी सुमारे आठ किलोमीटर लांबीचे एक अंतराळस्थानक उभारण्यात येते. अडीच लाख मानव आणि परग्रहवासी तेथे वास्तव्य करतात. या स्थानकाचे नाव ‘बॅबिलॉन ५’.

त्या काळातील बहुतेक अमेरिकन मालिकांचा प्रत्येक भाग स्वयंपूर्ण असे. पहिल्या भागात आलेले संकट त्याच भागात संपत असे. या मालिकेचे निर्माते व लेखक जे. मायकेल स्ट्रॅझिन्स्की यांनी मात्र पाच वर्षांची एकसंध कथा आरंभीच आखली होती. कादंबरीप्रमाणे आरंभ, मध्य आणि शेवट असलेली ही कथा ११० भागांत सांगण्यात आली. त्यांपैकी ९२ भाग त्यांनी स्वतः लिहिले. तिसऱ्या आणि चौथ्या पर्वातील तर सर्वच भाग त्यांचे होते.

शेवट आधी ठरलेला असल्याने पहिल्याच पर्वात पुढील घटनांच्या खुणा पेरणे लेखकाला शक्य झाले. जिंकत आलेल्या मिनबारींनी पृथ्वीच्या दारात अचानक शरणागती का पत्करली? स्थानकाचा प्रमुख जेफ्री सिंक्लेअर याला त्या अखेरच्या लढाईतील चोवीस तासांचे स्मरण का नाही? आणि यापूर्वीचे ‘बॅबिलॉन ४’ हे स्थानक कार्यान्वित झाल्यानंतर चोवीस तासांतच कोठे नाहीसे झाले? या प्रश्नांचे धागे १९९६ साली प्रसारित झालेल्या ‘वॉर विदाऊट एन्ड’ या दोन भागांच्या कथेत एकत्र आले. ते स्थानक एक हजार वर्षे मागे, भूतकाळात नेण्यात आले होते आणि त्याच्याबरोबर जाणारा मनुष्य स्वतः सिंक्लेअरच होता.

असे तर्क विज्ञानकथेतच विशेष बहरतात, यालाही कारण आहे. विज्ञानकथा प्रथम एका काल्पनिक जगाचे नियम सांगते आणि नंतर ते पाळते. नियम माहीत झाले, की त्यांतून काय निष्पन्न होईल याचे गणित प्रेक्षकालाही मांडता येते. हा निव्वळ कल्पनेचा खेळ राहत नाही. त्याला अनुमानाचे स्वरूप येते.

तर्काचे शिष्टाचार

मालिका पडद्यावर येण्यापूर्वीच स्ट्रॅझिन्स्की संगणकीय चर्चागटांमध्ये सहभागी होऊ लागले होते. पुढे यूजनेट या तत्कालीन चर्चाव्यवस्थेवरही ते प्रेक्षकांच्या प्रश्नांना उत्तरे देत. प्रत्येक भागानंतर संवादातील एखादा शब्द, पात्राच्या पोशाखातील बदल किंवा भिंतीवरील चिन्ह यांचा कीस काढला जाई. अंदाज बरोबर आहे की चूक, हे मात्र लेखक सांगत नसत.

१९९५ साली एक वेगळीच अडचण उद्भवली. दुसऱ्या पर्वाचे अखेरचे काही भाग अमेरिकेत लांबणीवर पडले. ब्रिटनमध्ये चॅनल फोर या वाहिनीवर ते आधी दाखविण्यात आले. त्यामुळे राजदूत कॉश याच्या बंदिस्त पोशाखाच्या आत नेमके कोण आहे, हे ब्रिटिश प्रेक्षकांना अमेरिकन प्रेक्षकांच्या काही आठवडे आधी समजले. ज्यांनी भाग पाहिला आहे त्यांनी न पाहिलेल्यांचा आनंद हिरावून घेऊ नये, असा संकेत या चर्चांमध्ये पाळला जात असे. रहस्य उघड करणाऱ्या मजकुराच्या आरंभी तशी सूचना देऊन खाली अनेक ओळी कोऱ्या सोडण्यात येत. वाचायचे की नाही, हे ठरविण्याची संधी त्यामुळे वाचकाला मिळे.

एक तर्क आणि अडकलेली पटकथा

लेखकाने प्रेक्षकांना एक विनंती वारंवार केली होती. घडून गेलेल्या कथेविषयी हवी तेवढी चर्चा करावी. परंतु पुढील भागांसाठी नव्या कथाकल्पना मांडू नयेत. या विनंतीमागील कारण लवकरच सर्वांच्या ध्यानात आले.

मालिकेतील काल्पनिक जगात खुन्याला देहदंडाऐवजी स्मृतिनाशाची शिक्षा देण्याची तरतूद होती. गुन्हेगाराची मूळ स्मृती पुसून त्याला नवे, समाजोपयोगी व्यक्तिमत्त्व देण्यात येई. पहिल्या पर्वात हा नियम सांगितला गेला होता. त्यावरून एका प्रेक्षकाने सहज विचारले, की अशा मनुष्याला आपले पूर्वायुष्य कळले तर काय होईल? नेमक्या याच कल्पनेवर स्ट्रॅझिन्स्की यांची कथा बेतलेली होती.

कायद्यानुसार स्वामित्वहक्क केवळ कल्पनेला मिळत नाही. तो कल्पनेच्या विशिष्ट मांडणीला मिळतो. तथापि, कथा चोरल्याचा दावा दाखल झाला असता, तर तो निराधार ठरविण्यासाठीही वेळ आणि पैसा खर्च करावा लागला असता. त्यामुळे ती कथा बाजूला ठेवण्यात आली. संबंधित प्रेक्षकाने नोटरीकडून साक्षांकित केलेले पत्र देऊन आपला कोणताही दावा नसल्याचे स्पष्ट केल्यानंतरच तिचा मार्ग मोकळा झाला. ‘पासिंग थ्रू गेथ्सेमनी’ या नावाने तो भाग नोव्हेंबर १९९५ मध्ये प्रसारित झाला.

आपण पूर्वी अनेक खून केले होते, हे कळल्यावर एका सत्शील धर्मबंधूच्या मनात उठणारे वादळ त्यात चित्रित झाले आहे. न आठवणाऱ्या पापाची क्षमा मागता येते काय, हा त्याचा प्रश्न मालिका संपल्यानंतरही प्रेक्षकांच्या स्मरणात राहिला. पुढे या मालिकेसाठी स्वतंत्र नियंत्रित चर्चागट सुरू झाला. तेथे येणारा मजकूर आधी तपासला जाई आणि कथाकल्पना असल्यास ती वगळली जाई.

या प्रसंगात कोणाचीही चूक नव्हती. नियम एकच असल्याने लेखक आणि प्रेक्षक स्वतंत्रपणे एकाच निष्कर्षाला पोहोचले. किंबहुना प्रेक्षकाचा अंदाज बरोबर येणे, ही कथेची बांधणी सुसंगत असल्याचीच खूण होती.

हाच अनुभव पुढे ‘वेस्टवर्ल्ड’ या मालिकेलाही आला. २०१६ साली तिचे पहिले पर्व चालू असताना पडद्यावर दिसणारी बोधचिन्हे दोन निरनिराळ्या प्रकारची असल्याचे काही चाणाक्ष प्रेक्षकांनी टिपले. त्यावरून कथा वेगवेगळ्या काळांत घडत असून तरुण विल्यम आणि काळ्या वेषातील वृद्ध ही एकच व्यक्ती आहे, असा तर्क त्यांनी मांडला. पर्वाच्या अखेरच्या भागात तो खरा ठरला. रहस्य आधीच उलगडले म्हणून त्या भागाचे महत्त्व संपले नाही. एक सालस तरुण क्रूर कसा होत गेला, हे पाहणे उरलेच होते.

कथेबाहेरचे रहस्य

‘बॅबिलॉन ५’च्या प्रेक्षकांपुढे मात्र आणखी एक कोडे होते आणि ते कथेच्या बाहेरचे होते. पहिल्या पर्वानंतर सिंक्लेअरची भूमिका करणारे अभिनेते मायकेल ओहेअर मालिकेतून बाहेर पडले. ब्रूस बॉक्सलाइटनर यांनी साकारलेला जॉन शेरिडन हा स्थानकाचा नवा प्रमुख झाला. हा निर्णय परस्परसंमतीने झाल्याचे सांगण्यात आले. परंतु पाच वर्षांच्या कथेचा नायक पहिल्याच वर्षी का जावा, हे प्रेक्षकांना उमगेना. त्याविषयी जवळजवळ दोन दशके नाना तर्क केले जात होते.

सप्टेंबर २०१२ मध्ये ओहेअर यांचे निधन झाले. त्यानंतर २०१३ साली एका रसिक-संमेलनात स्ट्रॅझिन्स्की यांनी खरे कारण प्रथमच जाहीर केले. पहिल्या पर्वाच्या चित्रीकरणाच्या काळात ओहेअर यांना गंभीर मानसिक आजाराने ग्रासले होते. त्यांना भास होत आणि आपल्याविरुद्ध कट रचला जात असल्याची भीती वाटे. उपचारांसाठी चित्रीकरण काही महिने थांबविण्याची तयारी लेखकाने दर्शविली होती. परंतु मालिका थांबल्यास सहकाऱ्यांचा रोजगार जाईल, या चिंतेने ओहेअर यांनी ते मान्य केले नाही. त्याच अवस्थेत त्यांनी पर्व पूर्ण केले. उपचारानंतर सिंक्लेअरची कथा पूर्ण करण्यासाठी ते परतलेही. ‘वॉर विदाऊट एन्ड’मधील त्यांची भूमिका ही त्या शब्दाची पूर्तता होती.

हे गुपित आपण मरेपर्यंत जपू, असे वचन लेखकाने दिले होते. त्यावर ओहेअर यांनी ते केवळ आपल्या मृत्यूपर्यंत जपावे, असे सांगितले. आपल्या चाहत्यांना कधीतरी सत्य कळावे आणि मानसिक आजाराविषयी समाजात जाणीव वाढावी, अशी त्यांची इच्छा होती.

कथेतील कोड्यांची उकल करण्यात तरबेज झालेल्या प्रेक्षकांना या एका कोड्याचे उत्तर इतकी वर्षे सापडले नाही, हे स्वाभाविकच होते. कथेतील खुणा वाचल्या जाव्यात यासाठीच लेखक त्या पेरतो. त्यांचा अर्थ लावणे हा प्रेक्षकाचा हक्क आहे. माणसाच्या आयुष्यात अशा खुणा कोणी पेरून ठेवत नाही. तेथे ज्याचे दुःख त्यानेच ते केव्हा आणि किती सांगायचे हे ठरवायचे असते. ‘बॅबिलॉन ५’च्या लेखकाने प्रेक्षकांपासून दोन प्रकारची रहस्ये राखली. पहिली ठरल्या वेळी पडद्यावर उलगडली. दुसरे त्याने मित्राने घालून दिलेल्या मुदतीपर्यंत जपले.