जिवंतपणाचे शब्द

इंग्रजी-मराठी कोश उघडून 'लाइव्हली', 'व्हिव्हिड', 'व्हायब्रंट', 'व्हिव्हेशस' आणि 'ॲनिमेटेड' हे शब्द पाहिले, तर 'जिवंत', 'चैतन्यपूर्ण', 'उत्साही' हेच अर्थ आलटूनपालटून भेटतात. विद्यार्थ्याला वाटते, कोणताही उचलावा, काम भागेल. पण भागत नाही.

आपल्याच भाषेत पाहा. मूल चुणचुणीत असते, फूल टवटवीत असते, मैफल रंगते. फुलाला कोणी चुणचुणीत म्हणत नाही. कोणता शब्द कोणाच्या घरी नांदतो, हे आपल्या कानाला न शिकवता ठाऊक असते. परभाषेत तो कान कमवावा लागतो.

त्या कामी शब्दांचे मूळ उपयोगी पडते. 'व्हिव्हिड' आणि 'व्हिव्हेशस' ही भावंडे, 'जगणे' या अर्थाच्या लॅटिन धातूपासून निघालेली. परंतु त्यांचे संसार निराळे. 'व्हिव्हिड' शोभतो मनावर ठसा उमटवणाऱ्या गोष्टीला : आठवणीला, स्वप्नाला, वर्णनाला, भडक रंगाला. 'व्हिव्हेशस' लागतो माणसाच्या स्वभावाला, आणि तोही बहुधा स्त्रीच्या. 'व्हायब्रंट'च्या मुळाशी कंपन आहे. म्हणून तो आवाजाला, रंगाला, गजबजलेल्या शहराला साजतो. 'ॲनिमेटेड'च्या मुळाशी प्राण. एरवी अबोल असलेला गृहस्थही आवडीचा विषय निघताच घटकाभर 'ॲनिमेटेड' होतो. 'लाइव्हली' मात्र अस्सल इंग्रजी, घरगुती शब्द. मूल, चर्चा, बाजार, कोठेही चालतो. शंका असेल तेथे तोच बरा.

हा केवळ पंडितांचा खेळ नव्हे. समजा, चाळिशीतल्या एका शिक्षकाच्या शिफारसपत्रात कोणी कौतुकाने 'स्प्राइटली' लिहिले. कोशात अर्थ 'चपळ, उत्साही'. पण इंग्रज हा शब्द बहुधा वय होऊनही तडफ टिकलेल्या माणसासाठी योजतो. वाचणाऱ्याला वाटायचे, गृहस्थ सत्तरीचे असावेत! हेतू गौरवाचा, आणि नोकरी मात्र हातची जायची.

पीटर मार्क रॉजे याचा प्रसिद्ध शब्दसंग्रह १८५२ साली निघाला. असा ग्रंथ सारख्या अर्थाचे शब्द एका पंगतीला बसवतो. निवड आपणच करायची. ती करताना तीन प्रश्न विचारावेत : हा शब्द कशाला लागतो? तो गुण कायमचा की क्षणाचा? आणि शब्दामागे वयाची, स्त्री-पुरुषपणाची छटा आहे काय? उत्तरे मिळाली की शब्द आपोआप जागेवर बसतो.