खाटा दोन, करणारा एकच

दसरा उलटला की नारायणगडाच्या आसपासच्या गावांत काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको. तरणी जोडपी कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागतात. मागं म्हातारी माणसं, नातवंडं आणि गुरं. अशा घरात म्हातारी लकव्यानं अंथरुणाला खिळलेली असली, तर तिचं सगळं म्हातारा करतो. आणि त्यालाच प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, तोही हाडांत उतरलेला, तर?

लघवी अडखळते, रात्री चारदा उठावं लागतं, याला आपली मंडळी ‘वय झालं’ म्हणतात. पुष्कळदा ते खरंही असतं. पण लघवीतून रक्त गेलं, कंबरदुखी हटेना, तर डॉक्टरांना दाखवा आणि पीएसए ही रक्ततपासणी करायची का ते विचारा. बायको आजारी असलेला माणूस स्वतःचं दुखणं सांगत नाही, हीच खरी अडचण आहे.

हाडांत गेलेला हा रोग मुळासकट जात नाही; मात्र अनेकांच्या बाबतीत तो काही वर्षं आवरता येतो. तो पुरुषी संप्रेरकावर पोसतो, हे शिकागोत चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखवून दिलं. त्यासाठी १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. हे संप्रेरक तोडायचं तर महिन्याला किंवा तीन महिन्यांनी इंजेक्शन घ्यायचं, नाहीतर दोन्ही वृषण काढायची छोटी शस्त्रक्रिया एकदाच करायची. रोग आवरायला दोन्ही सारखेच. शस्त्रक्रियेचं नाव काढलं की माणूस दचकतो, ते साहजिक आहे. ती परत फिरवताही येत नाही. पण आजारी बायकोला सोडून दर खेपेला गेवराईमार्गे छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय गाठायचं कसं? म्हणून पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगा, ‘साहेब, घरी बायको अंथरुणावर आहे, करणारा मी एकटाच.’ इंजेक्शन बीडला घेता येईल का, तेही विचारा. तपासणीच्या खेपा चुकत नाहीत, कमी मात्र होऊ शकतात.

आणखी एक. हाडं पोखरलेली असताना बायकोला एकट्यानं उचलू नका, हाड मोडू शकतं. पाय लुळे पडू लागले, बधिर झाले किंवा लघवी कोंडली, तर त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठा. मणक्यातली नस दबली असेल तर एका दिवसाच्या उशिरानं पाय कायमचे जातात.

खर्चासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे. २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं. ते नवरा-बायकोत मिळून एकच, हे ध्यानात ठेवा. संजय गांधी निराधार योजनेत कॅन्सरचा रुग्ण बसतो; वय ६५ च्या पुढं असेल तर श्रावणबाळ योजना बघावी. उत्पन्नाची अट दोन्हींना आहे. तलाठी आणि ग्रामसेवक मंडळींनो, दाखल्यासाठी या माणसाला तीन चकरा मारायला लावू नका. त्याच्या एकेका चकरेत घरी म्हातारी पाण्यावाचून पडून असते.

आणि मुलांनो, मुकादमाची उचल घेण्याआधी एवढं ठरवा, दवाखान्याच्या दिवशी आईजवळ कोण बसणार? सून मागं ठेवली तर कोयता मोडतो आणि उचल फिटत नाही, हे मान्य. मग भावकीतली बाई असो की शेजारीण, तिला आधी विचारा, तिचा रोज ठरवा आणि आशाताईच्या कानावर घालूनच गाडीत बसा.