तोच अल्बम, निराळे वादक

गाजलेले एखादे गाणे दुसऱ्या कलावंताने नव्याने ध्वनिमुद्रित केले, तर त्याला ‘कव्हर’ म्हणतात. मात्र संपूर्ण अल्बमच नव्याने घडवून मूळ कलावंतांना मानवंदना दिली जाते, तेव्हा त्याची गोडी निराळी असते, कारण रसिकाला चालींइतकाच गाण्यांचा क्रमही पाठ असतो आणि तो कोठे पाळला, कोठे मोडला, याकडे त्याचे कान लागलेले असतात.

बीटल्सचा ‘अ‍ॅबी रोड’ सप्टेंबर १९६९ मध्ये निघाला आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेतील मेम्फिसच्या ‘बुकर टी. अँड द एम.जी.ज’ या चौघांच्या वाद्यवृंदाने ‘मॅक्लेमोर अ‍ॅव्हेन्यू’ हा अल्बम काढला. मूळ अल्बममधील १३ गाणी त्यांनी शब्दांना पूर्ण फाटा देऊन ऑर्गन, गिटार, बेस आणि ड्रम्सवर वाजवली. ‘समथिंग’ तेवढे स्वतंत्र ठेवून बाकीची तीन दीर्घ मेडलींत, म्हणजे एकात एक गुंफलेल्या सलग मालिकांत बसवली आणि मूळ अल्बमच्या शेवटाकडची गाणी थेट आरंभी आणली. मुखपृष्ठावर हे चौघे आपल्या स्टॅक्स स्टुडिओसमोरचा रस्ता मूळ मुखपृष्ठावरील बीटल्सच्याच थाटात ओलांडताना दिसतात. त्यांतले दोघे कृष्णवर्णीय, दोघे गोरे. आणि एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली ती याच शहरात, त्यामुळे त्या छायाचित्राला निव्वळ गंमत म्हणून सोडून देता येत नाही.

पेट्रा हेडन या गायिकेने ‘द हू’ या बँडचा १९६७ मधील एक अल्बम २००५ मध्ये गिटार-ड्रम्ससकट केवळ स्वतःच्या आवाजात उभा केला, तर स्लोव्हेनियाच्या ‘लायबाख’ने १९८८ मध्ये बीटल्सचाच ‘लेट इट बी’ हा अल्बम लष्करी थाटात सादर करताना नेमके शीर्षकगीतच गाळले. ही मानवंदना की टिंगल, हे ठरवणे सोपे नाही. तरीही सुरागणिक हुबेहूब नक्कल करणाऱ्या अल्बमपेक्षा असली आगळीक केव्हाही अधिक ऐकण्याजोगी, कारण मूळ रचनेत किती ताकद आहे, हे तीतूनच कळते.

अशा आगळिकीला किती मोकळीक मिळते, हे कायद्यावरही अवलंबून असते. अमेरिकेत प्रसिद्ध झालेले गाणे ठरावीक मानधन भरून, रचनाकाराच्या परवानगीवाचून पुन्हा ध्वनिमुद्रित करता येते आणि मूळ चालीला धक्का न लावता आपल्या शैलीत बसवता येते. भारतात मात्र २०१२ च्या दुरुस्तीनंतर अशा ध्वनिमुद्रणासाठी पाच वर्षे थांबावे लागते, आणि तांत्रिक गरजेपलीकडचा कोणताही नवा बदल हक्कधारकाच्या संमतीशिवाय करता येत नाही.